मागच्या अंगणातली शेड: कोबा, खड्डे की जोतं?

"पत्र्याची शेड ती काय, तिला कसला पाया?" गवंडी, फॅब्रिकेटर (लोखंडी सांगाडा करणारा) आणि शेजारी या तिघांचं एकमत व्हावं असे विषय फार नाहीत, हा त्यातला एक. तिघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. शेडचं वजन खरोखरच किरकोळ असतं. पण पाया फक्त वजन पेलण्यासाठी नसतो. हलक्या शेडला तो खाली धरून ठेवायला लागतो, आणि खालची माती फुगली तर तिच्या उचलण्यापासून वाचवायलाही लागतो.

हिशेबासाठी १० बाय १२ फुटांची शेड धरू. आत अवजारं, एक-दोन दुचाकी, थोडं सरपण. छप्पर आणि लोखंडी सांगाडा मिळून दोन-अडीचशे किलो भरेल. आता वारा बघा. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरतात. त्याचा पूर्ण दाब छपराला खालून उलटा लागला असं ढोबळ मानलं, तर या एवढ्याशा छपरावर पुण्यात सुमारे एक टन आणि मुंबईत तेराशे किलोंपर्यंत ओढ वरच्या दिशेने बसते. तीन बाजूंनी उघड्या शेडला हा धोका जास्त. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडात धडकलं तेव्हा श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात किती पत्रे उडाले, हे तिकडच्यांना सांगायला नको.

म्हणून कोणता पाया स्वस्त, हे नंतर बघू. आधी माती बघा.

जागेच्या मधोमध तीन फूट खोल खड्डा घ्या. दीड-दोन फुटांवर पिवळा-तांबूस मुरूम लागला तर निम्मी काळजी मिटली. खालपर्यंत काळीच माती निघाली तर एक सोपी तपासणी घरच्या घरी होते. मातीचं ढेकूळ वाळवून कुटा, बारीक चाळणीतून चाळा. दोन सारख्या काचेच्या ग्लासांत सारखीच माती टाका, एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून चोवीस तास हलवू नका. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातला थर रॉकेलातल्या थराच्या दीडपटीवर गेला, तर जमीन पायाला त्रास देणार हे धरून चला. प्रयोगशाळेतली चाचणीही याच तत्त्वावर चालते, फक्त तिथे मोजमाप काटेकोर असतं.

फुगणाऱ्या काळ्या मातीचा उलटा न्याय असा, की जड बांधकामापेक्षा हलकं बांधकाम तिथे जास्त हलतं. दुमजली घराच्या वजनाखाली माती थोडी तरी दबून राहते. शेडचा कोपरा ती सहज वर ढकलते. दार अडकायला लागतं, कोब्याला तिरकी चीर जाते.

आता पर्याय.

सगळ्यात हलका पर्याय म्हणजे मुरूम आणि फरशी. सहा-आठ इंच माती काढायची, मुरूम दोन थरांत टाकून पाणी मारायचं, धुमसाने (जड ठोकणीने) ठोकायचं आणि वर शहाबादी फरशी किंवा पेव्हर बसवायचे. सिमेंट जवळजवळ नाही, पुढे-मागे जागा बदलायची झाली तर सगळं उचलता येतं, जमीन हलली तरी फरशी पुन्हा बसवता येते. भाड्याच्या जागेत किंवा दोन-चार वर्षांच्या सोयीसाठी हा उत्तम. पण सांगाड्याला धरून ठेवणारं यात काही नाही. चार कोपऱ्यांना काँक्रीटचे ठोकळे गाडून पाइप त्यांना बांधणार नसाल तर हा पर्याय सोडून द्या.

दुसरा कोबा, म्हणजे खाली सोलिंग (दगडांचा थर) आणि वर चार इंच काँक्रीट. दुचाकी आत घ्यायची असेल, जमीन झाडता-धुता यायला हवी असेल, उंदीर-घुशी नको असतील तर याला तोड नाही. आपल्या मापाला चार इंच जाडीचं ४० घनफूट काँक्रीट लागतं. १:२:४ प्रमाणात (सिमेंट:वाळू:खडी) सिमेंटच्या सात-साडेसात गोण्या, १:१.५:३ प्रमाणात नऊ. दुसरंच प्रमाण घ्या. दोन गोण्यांत काही जात नाही. खडी साधारण तृतीयांश ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), वाळू किंवा क्रश सँड त्याच्या निम्मी. सोलिंगला मात्र एक ब्रासच्या जरा खाली दगड लागतो, आणि कामाची खरी परीक्षा तिथेच होते. नऊ इंची दगड उभे, एकमेकांना खेटून लावायचे, फटींत चिपा ठोकायच्या, वर मुरूम टाकून पाणी सोडायचं. अनेक ठिकाणी दगड आडवे पसरून वर मुरूम लोटतात. दिसायला तेच दिसतं, पहिल्या पावसाळ्यात मात्र मुरूम फटींतून खाली उतरतो आणि कोबा पोकळ वाजायला लागतो. काँक्रीट ओतण्याआधी सोलिंगवरून चालून बघा. पायाखाली एकही दगड डुलता कामा नये.

दुचाकीपुरत्या शेडला सळईची जाळी नसली तरी भागतं, पण मधोमध एक सांधा ठेवा. चीर पडायचीच असेल तर ती तिथे पडेल. आणि जिथे कॉलम, म्हणजे शेडचे उभे पाइप, येणार तिथे कोबा फूटभर खोल करून घ्या, कारण चार इंची कोब्याच्या कडेला ड्रिल मारून फास्टनर ठोकले की कोपरा फुटायची भीती असते.

तिसरा पर्याय सुट्या खड्ड्यांचा: सहा कॉलम, प्रत्येकाखाली दीड बाय दीड फुटाचा, अडीच फूट खोल काँक्रीटचा ठोकळा, वर बोल्ट आणि बेस प्लेट (कॉलमच्या तळाची लोखंडी पाटी). काँक्रीट वाचेल म्हणून लोक याकडे वळतात. वाचत नाही. सहा ठोकळ्यांचं मिळून जवळपास ३४ घनफूट होतं, म्हणजे कोब्यापेक्षा जेमतेम सहा घनफूट कमी. मिळतं ते वेगळंच. या सहा ठोकळ्यांचं वजन सव्वादोन टनांच्या वर जातं आणि ते थेट कॉलमला बांधलेलं असतं, त्यामुळे वाऱ्याच्या ओढीला हाच पर्याय सर्वांत भरवशाचा. उताराच्या जागेत भराव न घालता काम होतं. सरपण, कुंड्या, पाइप असलं सामान असेल तर आतली जमीन मुरमाची राहिली तरी अडत नाही.

इथे बारकाईने बघायची जागा एकच. पाइप थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. जमिनीच्या पातळीवर, जिथे माती आणि पाणी पाइपला टेकून बसतं, तिथेच तो गंजतो, आणि वरचा सगळा पाइप धडधाकट असताना बुडखा झिजतो. ठोकळा जमिनीच्या वर सहा इंच आणा, माथ्याला बाहेरच्या बाजूने थोडा उतार द्या, मग त्यावर बेस प्लेट.

काळी माती असेल तर अडीच फूट पुरत नाहीत. मुरूम हाताशी असेल तर ठोकळा त्यात टेकवा. नसेल तर शेडच्या खालची माती दोन-तीन फूट काढून चिकण अंश असलेला, पण न फुगणारा मुरूम थराथराने दाबून भरा. आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर असाच न फुगणारा चिकट थर घालायची पद्धत विकसित केली. नुसती खडी भरलीत तर पावसाचं पाणी तिथे साचतं आणि भोवतालची माती आणखी फुगते. अशा जमिनीत घरांसाठी साडेतीन मीटरच्या आसपास खोल अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) घेतात, पण शेडसाठी ते घोड्यापेक्षा नाल मोठी.

जोत्याबद्दल थोडक्यात. कोकणात कातळ वरच लागत असेल तर खड्डे खणत बसण्यात अर्थ नाही. कातळावरच चिऱ्यांचं दीड-दोन फुटी जोतं बांधा, कोपऱ्यांत काँक्रीटचे खांब कातळात सळई रोवून घ्या. पावसाचं पाणी अंगणातून वाहतं तिथे उंचीचा फायदा होतो. घाटावर याचा खर्च एका शेडसाठी पटत नाही.

कुठलाही पर्याय घ्या, खणण्याआधी सेप्टिक टँक, शोषखड्डा, पाण्याची लाइन आणि जमिनीखालून गेलेली वीज कुठे आहे ते शोधा. बोअरवर शेड आणू नका. मोटर काढायला पाइप सरळ वर उचलावे लागतात आणि मध्ये छप्पर आलं की पत्रे काढण्याशिवाय गत्यंतर नसतं. हद्दीपासून किती अंतर सोडायचं, परवानगी लागते का, हे ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा सोसायटीत आधी विचारा, कारण शेड बहुधा सामासिक अंतरातच, म्हणजे हद्द आणि घर यांच्यात सोडलेल्या जागेतच, येते.

आखणी फक्कीने (चुन्याच्या भुकटीने) करा आणि दोन्ही कर्ण मोजा. १० बाय १२ ला ते १५ फूट साडेसात इंच यायला हवेत. पातळी पाण्याच्या नळीने घ्या, डोळ्याने नको.

वेळेचं म्हणाल तर मे महिन्यातली घाई काळ्या मातीत महागात पडते. तेव्हा माती सर्वांत कोरडी, भेगाळलेली असते. तुम्ही तिच्यावर कोबा ओतता आणि महिन्याभरात ती पाणी पिऊन फुगते. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंतचे दिवस बरे. मुरमाच्या जमिनीत एप्रिल-मे चालेल, फक्त क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, सांभाळा. बाजारात बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट मिळतं. त्याला किमान १० दिवस पाणी लागतं, कडक उन्हात १४. कोब्यावर मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवून ठेवा.

दुचाकी आत येणार आणि जमीन मुरमाची असेल, तर मी कॉलमखाली खोल केलेला कोबा घेईन. उघडी जागा, जोराचा वारा किंवा काळी माती असेल तर खड्डे, आणि कोबा नंतर सवडीने. फॅब्रिकेटरला मात्र पाया व्हायच्या आधी बोलवा. बोल्टचं माप त्याच्या बेस प्लेटवरून ठरतं, आणि काँक्रीट आवळल्यावर बोल्ट अर्धा इंचही सरकत नाही.