जुन्या टर्बो पेट्रोल गाडीला स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर: बरेच महिने वापरल्यानंतर

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टात (गाडीचा कॉम्प्युटर तपासायचं सॉकेट) खोचायचा तो छोटा डबा, मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा आणि अ‍ॅपमध्ये इंजिनचे आकडे बघायचे, त्याच्याबद्दल लिहितोय. ऑनलाइन हजाराच्या आतबाहेर मिळतो, आत ईएलएम ३२७ ह्या गाडीशी बोलणाऱ्या चिपची नक्कल असते. गाडी माझी जुनी, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हे दुखणं वय झालेल्या कुठल्याही टर्बोला होऊ शकतं.

दुखणं असं होतं की सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या सिग्नलला थांबलं की गाडी थरथरायची, एसी चालू असला तर जास्तच, आरपीएमचा काटा साडेसहाशे ते नऊशेच्या मधी झुलायचा, आणि पाय दाबला की मात्र सगळं गप्प. चेक लाइट पेटलेली नाही, त्यामुळे ज्याच्याकडे जावं तो वेगळंच सांगायचा. कोणी म्हणे प्लग, कोणी म्हणे इंजेक्टर, एकाने तर बॉनेट न उघडताच टर्बो गेला म्हणून सांगितलं.

स्कॅनर लावला तर पेंडिंगमधी (लाइट पेटायच्या आधीच नोंदलेले बिघाड) एकच कोड, पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. इथंच बरेच लोक फसतात, कोड लीनचा आला की ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलून मोकळे होतात. सेन्सर बिचारा जे दिसतंय तेच सांगतो. खरं बघायचं ते फ्युएल ट्रिम. पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, सेन्सरला हवा जास्त वाटली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो, आणि किती टक्के वाढवला तो आकडा म्हणजे ट्रिम. पाच-सातपर्यंत वरखाली चालतं. माझ्या गाडीत लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने सवयीने धरलेला आकडा) आयडलला, म्हणजे रेस न देता, अधिक १८, आणि जागेवरच अडीच हजार आरपीएमला धरून ठेवली की हळूहळू उतरून अधिक ४. हे बघायचं असेल तर इंजिन गरम करून बघा, गार इंजिनात ईसीयू सुरुवातीला सेन्सरचं ऐकतच नाही.

ह्या दोन आकड्यांनी निम्मं काम झालं. आयडलला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळपास बंद असतं, असल्या इंजिनात सेकंदाला दोन-तीन ग्रॅम हवा जाते, त्यात कुठून तरी चोरून थोडी हवा घुसली तरी तिचा वाटा मोठा पडतो. रेस वाढवली की मोजलेली हवा एवढी येते की चोरीची हवा त्यात दिसत पण नाही. गाडीतला पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर उलटं झालं असतं, लोडवर ट्रिम वाढला असता. टर्बोत अजून एक गंमत आहे, मॅनिफोल्डला (सिलिंडरकडं हवा नेणारे पाइप) जे भोक आयडलला हवा आत ओढतं तेच भोक बूस्ट (टर्बोचा दाब) आला की हवा बाहेर फेकतं, ती हवा मास सेन्सरने (आत येणारी हवा मोजणारा) आधीच मोजलेली असते, म्हणून पेट्रोल जास्त पडतं. पुणे रोडला मोहोळच्या पुढं गाडी ओढताना मागं काळा धूर दिसायचा आणि ॲव्हरेज पडलं होतं, त्याचा अर्थ तेव्हा लागला.

व्हॅक्यूम, म्हणजे आयडलला मॅनिफोल्डमधी पडणारी ओढ, आपल्याला मोबाईलवर दिसेल असं वाटलेलं, तसं काही नाही. माझ्या गाडीत प्रेशर सेन्सर थ्रॉटलच्या अलीकडं आहे, त्यामुळं आयडलला तो बाहेरचा दाबच दाखवतो, सोलापुरात ९६ किलोपास्कलच्या आसपास. तुमच्या गाडीत सेन्सर कुठं आहे ते आधी बघा, नाहीतर आकडा बघून उगाच घाबराल.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मेस्त्रींना मोबाईल दाखवला. ते म्हणले, "मालक, त्ये मोबाईल ठेवा जरा बाजूला, आधी तेलाचं टोपण काढून बघू की." आयडलवर टोपण काढायला गेले तर वर येईना, आतून ओढ लागलेली, आणि जोर लावून उचललं तसं इंजिनचा आवाजच बदलला. मग धूर सोडला. इनटेकला स्मोक मशिनची नळी लावली, बाकी तोंडं बंद केली, आणि मिनिटभरात मॅनिफोल्डच्या खालून, हात पण नीट जात नाही अशा जागेतून पांढरी बारीक धार वर आली. क्रँककेसमधली (इंजिनची तेलाची खालची बाजू) वाफ मॅनिफोल्डला नेणारा रबरी एल्बो, वरून धडधाकट, वाकवला की खालच्या बाजूला बोटभर चीर. त्याच्याच पुढचा वन-वे व्हॉल्व्ह काढून मेस्त्रींनी तोंडाने फुंकून बघितला तर हवा दोन्हीकडून पास. हा व्हॉल्व्ह बूस्टच्या वेळी बंद व्हायला पाहिजे, नाहीतर टर्बोचा दाब क्रँककेसमधी शिरतो आणि सील्समधून तेल बाहेर ढकलतो, आणि लोक तेल बघून टर्बो बदलतात! एल्बो, व्हॉल्व्ह, क्लिपा, सगळं मिळून इंजेक्टर क्लीनिंगच्या बिलापेक्षा कमीत झालं. एक सांगतो, काही जण लीक शोधायला चालू इंजिनवर कार्ब क्लीनर मारतात, गरम टर्बोच्या शेजारी हे करू नका, भडका उडेल.

नंतर ट्रिम अधिक ४-५ वर येऊन थांबला. शून्यावर का येत नाही म्हणून डोकं खाऊ नका, आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतं, त्याला हवा १३.५ पटच लागते, ई१० ला १४.१ च्या आसपास लागायची, म्हणजे तीन-चार टक्के तर तिथंच गेले.

उन्हाळ्यात परत मिसिंग (सिलिंडर पेटायचा चुकणं) आलं पण ह्यावेळी ट्रिम जागेवर आणि कोड पी०३०३, तीन नंबर सिलिंडर. तीनचा कॉइल (प्लगला ठिणगी देणारा) एकवर, एकचा तीनवर टाकला, कोड पी०३०१ झाला. एक कॉइल घेतला, विषय संपला.

आता डब्याच्या तक्रारी. गाडी जुनी, कॅनच्या (नव्या गाड्यांतली वेगवान डेटा लाइन) आधीची, म्हणून आकडे अडखळत येतात, चार-पाच गेज एकदम लावले तर बघत बसा, दोनच लावा. फक्त इंजिनचे कोड वाचतो, एबीएस आणि एअरबॅगचं नाव काढू नका. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर ॲडॅप्टेशन (ईसीयूला थ्रॉटलची जागा परत शिकवणं) करायचं तर ह्याने होत नाही, त्याला गॅरेजवालाच लागतो. पोर्टात विसरला तर बॅटरी पितो, गाडी आठवडाभर उभी असते त्यांनी काढूनच ठेवा. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथचा घेऊ नका, वायफाय किंवा बीएलईवाला (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) बघा.

सगळ्यात जास्त उपयोग मात्र मला दुसऱ्याच कामाला झाला. मावसभावाला जुळे सोलापुरात एक सेकंडहँड टर्बो बघायची होती, आयडल ठीक, कोड एक पण नाही, मालक म्हणे शोरूम कंडिशन. रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारे) उघडले तर जवळपास सगळे अपूर्ण, म्हणजे कोणी तरी नुकतेच कोड पुसलेत नाहीतर बॅटरी काढून लावलीय. विचारलं तर म्हणे, बॅटरी सर्व्हिसिंगला काढली होती. मग आसरा चौकापर्यंत चालवून आणली, दोनदा थांबून परत चालू केली, तेवढ्यात पेंडिंगमधी पी०३०० (मिसिंगचाच कोड, पण ठराविक सिलिंडरचा नाही) दिसला, मालकाला दाखवला तर तो म्हणे तुमचा मोबाईलच खराब आहे. गाडी घेतली नाही.