एसी योक : आठ महिने वापरून झाल्यावर

भोसरीतल्या आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डमधले क्रॅक शोधायचं काम आधी सगळं डीपीवर, म्हणजे डाय पेनिट्रंट या रंगाच्या चाचणीवर चालायचं. लाल फवारा, थांबा, पुसा, डेव्हलपर मारा, पुन्हा थांबा. तोवर फोरमन डोक्यावर उभा. शेवटी 230 व्होल्टचा एसी योक घेतला, म्हणजे दोन पायांचा, हातात धरायचा विजेवरचा चुंबक.

वेग दुसऱ्याच दिवशी कळला. वेल्ड घासून साफ करायचं, पांढऱ्या कॉन्ट्रास्ट पेंटचा पातळ हात मारायचा, वाळला की योकचे पाय टेकवून बटण दाबायचं आणि दाबलेलं असतानाच काळी इंक, म्हणजे द्रवात मिसळलेली लोखंडाची बारीक पूड सोडायची. क्रॅक असेल तिथे पूड गोळा होऊन रेघ उमटते. इंक ओघळायची थांबली की मगच बटण सोडायचं. आमचा हेल्पर आधी बटण सोडून वर आणखी इंक मारायचा. उमटलेली रेघ धुऊन जायची, आणि जॉब पास!

दिशेचा धडा एका लिफ्टिंग लगने (जॉब उचलायला जोडलेल्या कानाने) दिला. जाड प्लेट, प्रीहीटला, म्हणजे वेल्डआधी प्लेट तापवायला कंटाळा केलेला. वेल्ड झालं त्या संध्याकाळी काही दिसलं नाही. 48 तासांनी योक पुन्हा लावला, तेव्हा पाय वेल्डच्या लांबीत होते, तरी कोरं. योक काटकोनात फिरवून पाय वेल्डच्या दोन बाजूंना टेकवले आणि टोवर (वेल्ड प्लेटला मिळतं त्या कडेवर) वीसेक मिलिमीटरची काळी रेघ उभी राहिली, थरथरत्या हाताने पेन्सिल ओढावी तशी. वेल्डमध्ये शिरलेल्या हायड्रोजनने पडणारा क्रॅक उशिरा उघडतो, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. आता प्रत्येक जागा दोन्ही दिशांनी बघतो, आणि पाळी सुरू होताना योकची ताकद तपासायला पाय पूर्ण फाकवून 4.5 किलोचं वजन उचलून बघतो.

अंडरकटही (वेल्डच्या कडेला पडलेली खाच) रेघ दाखवतो, पण ती पसरट, धूसर असते. हलका ग्राइंडर फिरवून परत बघायचं. नव्या माणसाला हा फरक कळायला महिना लागतो.

आता कुरकुर. ओव्हरहेड कामात मनगट भरून येतं. सलग वापरला की हँडल तापतं. जुलैत बटण गेलं आणि विकणाऱ्याने दुरुस्तीला तीन आठवडे लावले, तोवर परत डीपी. 304 स्टेनलेसवर तर योक कामाचाच नाही, चुंबक धरतच नाही. त्यामुळे डीपीचे डबे कपाटात आहेतच.

चूक माझी एकच झाली, 230 व्होल्टचा घेतला. टाकीच्या आत बसून 230 व्होल्टची वायर ओढायची म्हणजे जिवाशी खेळ. 42 व्होल्टचे योक मिळतात. पुढची खरेदी तीच, मालकांना सांगून ठेवलंय.