टोपीच्या बिल्ल्यावरचा मुकुट तपासायला लूप, यूएसबी मायक्रोस्कोप आणि यूव्ही टॉर्च: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या नौदल राखीव दलांचे टोपीचे बिल्ले तपासायला गेले आठ महिने तीन वस्तू जवळपास रोज हातात आहेत: दहापट ट्रिप्लेट लूप (तीन काचा जोडलेलं, डोळ्याला लावून बघायचं छोटं भिंग), स्टँडवाला यूएसबी मायक्रोस्कोप आणि 365 नॅनोमीटर तरंगलांबीचा यूव्ही (अतिनील) टॉर्च. मुकुट कोणता, एवढंच ओळखायचं असेल तर यातलं काहीच घेऊ नका. त्याला उघडा डोळा आणि हातभर अंतर पुरतं. ही साधनं पुढच्या प्रश्नासाठी लागतात: दिसतोय तो आकार मुळातला आहे, की दबून, दुरुस्तीत किंवा कुणी मुद्दाम केल्याने तसा झालाय?

उघड्या डोळ्याने काय बघायचं ते आधी. मुकुट मुख्यतः दोन प्रकारचे, ट्यूडर आणि सेंट एडवर्ड, आणि त्यावरून बिल्ल्याच्या काळाचा अंदाज येतो. ट्यूडर मुकुटाच्या कमानी दोन्ही बाजूंनी गोलाईने चढत जातात आणि थेट वरच्या गोळ्याखाली मिळतात, बाह्यरेषा घुमटासारखी. सेंट एडवर्ड मुकुटाच्या कमानी खांद्याशी उंच असतात आणि मधे गोळ्यापाशी खाली उतरतात, म्हणजे माथ्यावर खाच दिसते. खालचा पट्टा, मधला पूर्ण क्रॉस, दोन फ्लर-द-ली (लिलीच्या फुलाची नक्षी) आणि टोकांचे अर्धे क्रॉस दोन्हींत सारखेच, तिथे वेळ घालवू नका. ट्यूडर 1901 मध्ये सातव्या एडवर्डबरोबर आला, एलिझाबेथ राणीच्या काळात 1953 च्या सुमारास सेंट एडवर्ड आला, आणि 2022 मध्ये तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा ट्यूडर निवडला. त्यामुळे विक्रेत्याने ‘किंग्ज क्राउन’ (राजाचा मुकुट, म्हणजे ट्यूडर) लिहिलंय म्हणून बिल्ला 1952 पूर्वीचा ठरत नाही. 1901 आधीच्या, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या व्हिक्टोरियन मुकुटालाही खाच असते, पण तो पसरट आणि खांद्याशी जास्त कोनदार.

तिघांत लूप सगळ्यात कामाचा निघाला. डोळ्याला जवळजवळ टेकवायचा आणि बिल्ला अडीच सेंटिमीटरवर आणायचा, तेवढंच त्याचं नाभीय अंतर. हात लांब करून बघितलं तर धूसर कडांपलीकडे काही दिसत नाही. दहापटीत अख्खा मुकुट एका नजरेत नीट मावत नाही, म्हणून आकारासाठी पाचपटीचं साधं भिंग जवळ ठेवा.

लूपची खरी कसोटी जरीच्या बिल्ल्यांवर लागते. अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यावर मुकुट भरणीवर सलम्याने (वेटोळ्यांच्या बारीक तारेने) उठवलेला असतो आणि आत लाल मखमल असते. आपल्याकडच्या जरदोजीसारखंच काम. सत्तर-ऐंशी वर्षं पेटीत दबलेल्या ट्यूडर मुकुटाचा घुमट मधोमध बसतो आणि हुबेहूब सेंट एडवर्डची खाच तयार होते. सर्वात जास्त फसगत इथेच होते. मूळचीच खाच असेल तर सलम्याची वेटोळी वळणावरही जवळजवळ सारख्या अंतराने बसलेली असतात, कारण कारागिराने तार त्या वळणानेच टाकलेली असते. दबलेल्या मुकुटात बाहेरच्या अंगाची वेटोळी फाकतात, आतली एकमेकांवर चढतात आणि फटीतून भरणीचा दोरा डोकावतो. याहून पक्की खूण मखमलीवर मिळते. कमान सरकली असेल, तर ती आधी जिथे होती तिथे रंग न उडालेली गडद लाल पट्टी उघडी पडलेली असते. केसाएवढी बारीक असली तरी लूपखाली ती स्पष्ट दिसते. बसलेला मुकुट दाभणाने उचलून ‘सरळ’ करायला जाऊ नका. जुनी तार तुटते आणि हा पुरावाही जातो.

धातूच्या बिल्ल्यात आधी पाठ बघा. ठशाने पत्र्यावर उठवलेल्या बिल्ल्याच्या मागे पुढच्या नक्षीचाच खोलगट उलटा ठसा असतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, पुरळासारखे खड्डे असलेली. कमानींमधली जागा कापून काढलेली असेल तर लूपने तिची कड तपासा: कापलेली कड तीक्ष्ण असते, ओतलेली गोलसर, कोपऱ्यात धातू साचलेली.

यूएसबी मायक्रोस्कोपबद्दल नाराजी आहे. खोक्यावर 1000 पट लिहिलेलं असतं, पण चित्रात खरा तपशील त्याच्या आसपासही मिळत नाही. ते नुसतं मोठं केलेलं चित्र आहे. साधारण पन्नासपटीच्या वर लवचीक मानेचा स्टँड टेबलावर बोट ठेवलं तरी हलतो. भिंगाभोवतीच्या दिव्यांनी मुलाम्यावर पांढरे ठिपके उमटतात आणि नेमक्या कमानीच दिसेनाशा होतात. उपाय दोन: ट्रेसिंग पेपरची चकती कापून दिव्यांवर लावा, किंवा दिवे बंद करून साधा टॉर्च एका बाजूने 15–20 अंशांत आडवा धरा. आडव्या उजेडात घुमट आणि खाच यांच्या सावल्या ताबडतोब वेगळ्या पडतात. मापासाठी दर वेळी स्टीलची पट्टी ठेवून एक मिलिमीटर जुळवून घ्या. फोकस हलला की आधीचं माप खोटं ठरतं. फोटो जपून दोन बिल्ले शेजारी ठेवून बघायला मात्र हे यंत्र उत्तम.

यूव्ही टॉर्च घेताना 395 वाला घेऊ नका. त्याचा जांभळा उजेड डोळ्यालाच इतका दिसतो की मंद चमक झाकली जाते. कापडाला आणि साबणाला पांढरेपणा देणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. ती 365 खाली निळसर पेटतात. ‘1940 चा’ म्हणून आलेल्या बिल्ल्याच्या पाठीचा दोरा तसा पेटला तर निदान शिवण तरी नंतरची. दोरा पेटला नाही म्हणून बिल्ला जुना ठरत नाही. आधी मऊ ब्रशने धूळ काढा, आजच्या रुमालाचा एक तंतूसुद्धा चमकतो.

साधनं बाहेर काढण्याआधी इतिहास जुळवला तर निम्मं काम वाचतं. आरएनव्हीआर (रॉयल नेव्हल व्हॉलंटियर रिझर्व्ह, ब्रिटिश नौदलाचं स्वयंसेवक राखीव दल) 1903 मध्ये उभी राहिली, म्हणून त्या नावावर व्हिक्टोरियन मुकुट असूच शकत नाही. 1958 मध्ये ती आरएनआरमध्ये (रॉयल नेव्हल रिझर्व्ह) विलीन झाली, म्हणजे सेंट एडवर्ड मुकुटाला तिथे जेमतेम पाच-सहा वर्षं मिळतात. रॉयल इंडियन नेव्हीचं नाव मुंबईत 2 ऑक्टोबर 1934 ला आलं आणि 26 जानेवारी 1950 ला ‘रॉयल’ गेलं, मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. त्यामुळे तिच्या व्हॉलंटियर रिझर्व्हच्या नावाने सेंट एडवर्ड मुकुट विकायला आला तर लूप खिशातच राहू द्या. अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम 1950 च्या दशकात रुळलं. त्यावर ट्यूडर दिसला आणि 2022 नंतरचा म्हणून विकत नसतील तर दहादा तपासा.

मुकुटावरून दल कळत नाही, हेही लक्षात असू द्या. महायुद्धातल्या आरएनव्हीआर अधिकाऱ्याचा बिल्ला नियमित नौदलासारखाच. फरक बाहीवरच्या नागमोडी फितीत होता. आरएनआरचे अधिकारी व्यापारी जहाजांवरून येत, म्हणून एकाच पेटीत मर्चंट नेव्हीचे बिल्लेही मिसळून येतात. त्यांच्यावर नौमुकुट असतो: पट्ट्यावर आलटून पालटून शिडं आणि जहाजांचे मागचे भाग, कमानी नाहीतच. घाईत तो मोडका ट्यूडर समजला जातो. आणि कॅनडाचं काही नवं हाती आलं तर माथा बघा: 2023 मध्ये जाहीर झालेल्या तिथल्या मुकुटावर क्रॉस-गोळ्याऐवजी हिमकण आहे आणि पट्ट्यावर मेपलची पानं.

एकच घ्यायचं असेल तर लूप घ्या, दुसरा यूव्ही टॉर्च. मायक्रोस्कोप फोटो लागणार असतील तरच. लूपची काच कोरड्या बोटाने पुसू नका, आधी फुंकणीने धूळ उडवा. पितळेच्या पॉलिशचा हात जरीच्या किंवा मुलाम्याच्या मुकुटाला लावू नका: कमानींच्या उंच कडांवरचा मुलामा सर्वात आधी जातो.