विल्म्स ट्यूमर: आधी केमो की आधी ऑपरेशन?

विल्म्स ट्यूमर म्हणजे लहान मुलांच्या किडनीतला कर्करोग. त्यासाठी मुंबईच्या परळमध्येच एका डॉक्टरांनी ‘आधी केमो’ सांगितलं आणि दुसऱ्यांनी ‘आधी किडनी काढू’, तर गोंधळून जाऊ नका. युरोपची सिओप पद्धत (आधी केमो) आणि अमेरिकेची सीओजी पद्धत (आधी ऑपरेशन), दोन्ही मान्यताप्राप्त आहेत. सिओप आणि सीओजी या बालकर्करोग तज्ज्ञांच्या संघटना. बरं होण्याचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच, ९० टक्क्यांच्या आसपास. प्रश्न उरतो तो मुलाला एकूण किती उपचार सोसावे लागतील याचा. (दोन्ही किडन्यांत गाठ असेल किंवा ती मोठ्या शिरेतून वर यकृतापलीकडे चढली असेल, तर वादच नाही; आधी केमोच.)

आधी ऑपरेशनचा फायदा म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या हाती औषध न लागलेली अख्खी गाठ पडते, स्टेज नेमकी कळते. मूल दोन वर्षांखालचं, स्टेज पहिली, किडनीसकट गाठ ५५० ग्रॅमच्या आत, पेशी अनुकूल प्रकारच्या आणि लिम्फ नोड (किडनीजवळच्या छोट्या ग्रंथी, जिथे कर्करोग पसरू शकतो) स्वच्छ, तर अमेरिकन पद्धतीत पुढे केमो लागतही नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाचं सिओपवालेही सहसा आधी ऑपरेशनच करतात. तिथे माझं काही म्हणणं नाही.

पण आपल्याकडे मूल येतं तेव्हा गाठीने बहुधा अर्धं पोट व्यापलेलं असतं. आवरण ताणून पातळ झालेलं. काढताना ते फाटलं की स्टेज थेट तिसरी. म्हणजे पोटाला रेडिएशन, जिथे मणक्यांची आणि स्नायूंची वाढ खुंटते. शिवाय डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध, ज्याचा भार पुढे हृदयावर. एका फाटण्यापायी एवढं सगळं, हेच मला पटत नाही. केमोनंतर गाठ आकसते, आवरण जाड होतं, सर्जनला जागा मिळते. ब्रिटनच्या एका चाचणीत आधी केमो दिल्याने सुमारे २० टक्के मुलांची रेडिएशन किंवा डॉक्सोरुबिसिनमधून सुटका झाली, जगण्यात फरक न पडता.

ऑपरेशनआधीच्या केमोचे हे चार आठवडे मात्र सोपे नसतात. व्हिन्क्रिस्टीन हे औषध दर आठवड्याला, अ‍ॅक्टिनोमायसिन पहिल्या आणि तिसऱ्या. फुप्फुसात पसरलं असेल तर सहा आठवडे आणि डॉक्सोरुबिसिनही. १२ किलोंखालच्या मुलाला डोस दोन तृतीयांश, हे विचारून घ्या. व्हिन्क्रिस्टीनने शौच तुंबतं, म्हणून लॅक्टुलोज (पोट साफ करणारं औषध) पहिल्या दिवसापासून. इट्राकोनाझोलसारखी बुरशीची औषधं सोबत नकोत, नसांवरचा दुष्परिणाम वाढतो. औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते. शक्य असेल तर पोर्ट किंवा पिक लाइन (मोठ्या शिरेत औषध सोडणारी, बरेच दिवस राहणारी नळी). गाठ उजवीकडे असेल तर यकृतावर लक्ष हवं: पोट फुगणं, वजन वाढणं, प्लेटलेट घसरणं. पावसाळ्यात ताप आला तर ‘डेंग्यू असेल, उद्या बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी रक्त तपासायला न्या. गावाहून आलेल्यांनी या काळात परत जाऊ नये. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी.

केमो फक्त स्कॅनवर सुरू होते, ही या पद्धतीची कच्ची बाजू. थोड्या मुलांत गाठ भलतीच निघते. न्यूरोब्लास्टोमा (मुलांच्या पोटातला दुसरा एक कर्करोग) वगळण्यासाठी लघवीतलं व्हीएमए (त्या गाठीतून बाहेर पडणारा पदार्थ) तपासून घ्यावं, स्कॅन नेहमीसारखा नसेल किंवा मूल मोठं असेल तर सुईने बायोप्सीचं विचारावं.

आणि ऑपरेशनची तारीख पहिल्या डोसच्या दिवशीच मागून ठेवा, कारण ऑपरेशन थिएटरची रांग लांब असते. सर्जनना आधीच विचारा: नोड किती काढणार? सिओप किमान सात मागते. नोड काढलेच नाहीत तर स्टेजवर भरवसा ठेवता येत नाही, मग आधी केमो दिलेली असो वा नसो.