सिव्हिक्स बी, प्रोजेक्ट सिटिझन की वी द पीपल: अमेरिकेतील सहावी ते आठवीच्या मुलांसाठी निवड करताना

अमेरिकेत मिडल स्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलाला नागरिकशास्त्राच्या स्पर्धेत भाग घ्यायचा असेल, तर पालकांसमोर प्रामुख्याने तीन नावे येतात: नॅशनल सिव्हिक्स बी, प्रोजेक्ट सिटिझन आणि वी द पीपल. विषय एकच असला तरी पहिल्या स्पर्धेत मूल एकटे उतरते आणि उरलेल्या दोन्हींत शिक्षकांसह सबंध वर्ग उतरतो. त्यामुळे मुलाची आवड कितीही असली, तरी शाळेत असा खटाटोप अंगावर घेणारा शिक्षक आहे का, हे आधी पाहावे लागते.

सिव्हिक्स बी ही यू. एस. चेंबर ऑफ कॉमर्स फाउंडेशनची स्पर्धा या तिघींत सर्वांत नवी असून ती २०२२ मध्ये सुरू झाली. आपल्या परिसरातील एखादा प्रश्न निवडून त्यावर उपाय सुचवणारा ५०० शब्दांपर्यंतचा निबंध मुलाने पाठवायचा असतो. त्यातून निवडलेल्या साधारण २० मुलांना स्थानिक फेरीसाठी बोलावले जाते. तेथे बहुपर्यायी प्रश्नांच्या फेऱ्या होतात आणि त्यांतून पुढे आलेली पाच मुले परीक्षकांसमोर आपला निबंध मांडून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. स्थानिक विजेते राज्य पातळीवर आणि तेथील विजेते राष्ट्रीय फेरीत जातात. पहिली राष्ट्रीय फेरी २०२४ मध्ये वॉशिंग्टन येथे झाली. राष्ट्रीय विजेत्याला उच्च शिक्षणासाठीच्या बचत योजनेत १ लाख डॉलर मिळतात, आणि पालकांमधील चर्चा बहुधा या आकड्यापासूनच सुरू होते. शाळेचा सहभाग नसला तरी मूल भाग घेऊ शकते, ही या स्पर्धेची सर्वांत मोठी सोय आहे. मात्र आपल्या भागातील चेंबर ऑफ कॉमर्स ती भरवत नसेल, तर ही सोयही कामी येत नाही.

स्पेलिंग बीची सवय असलेल्या घरांत येथे एक चूक सहज होते. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी आईवडिलांनी १०० प्रश्नांची यादी पाठ केलेली असते, त्यामुळे मुलालाही तशीच उजळणी करायला बसवले जाते. प्रश्नांच्या फेरीत पाठांतराचा उपयोग होतो हे खरे. पण त्या फेरीपर्यंत पोहोचायचे ते निबंधाच्या बळावर. जागतिक हवामानबदलावर लिहिलेल्या ढोबळ निबंधापेक्षा शाळेसमोरच्या चौकात सिग्नल का नाही, यावरचा निबंध परीक्षकांच्या प्रश्नांपुढे अधिक टिकेल, असे मला वाटते. कारण चौक मुलाने रोज पाहिलेला असतो.

नेमकी हीच गोष्ट प्रोजेक्ट सिटिझनमध्ये पुष्कळ खोलात जाऊन करावी लागते. सेंटर फॉर सिव्हिक एज्युकेशन या संस्थेचा हा उपक्रम कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि १९९० च्या दशकात देशभर पसरला. वर्गाने एक सार्वजनिक प्रश्न निवडायचा, त्याची माहिती गोळा करायची, उपलब्ध पर्यायांची तुलना करायची, स्वतःचे धोरण मांडायचे आणि ते सरकारकडून मान्य करून घेण्याचा कृती आराखडा आखायचा, अशी त्याची रीत आहे. हे सारे काम चार भागांच्या फलकावर आणि कागदपत्रांच्या संग्रहात मांडून वर्ग जनसुनावणीच्या धर्तीवर परीक्षकांना सामोरा जातो. पदपथ नसलेल्या रस्त्याचा प्रश्न घेतला, तर मुलांना आधी तो रस्ता गावाचा, काउंटीचा की राज्याच्या परिवहन खात्याचा, हे शोधावे लागते, आणि पुष्कळदा पहिले पत्र चुकीच्या कार्यालयात जाते. इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखे जोडलेले नागरिकशास्त्र शिकून मोठे झालेल्या आपल्या पिढीला ही धावपळ म्हणजे वेळेचा अपव्यय वाटेल. माझ्या मते विषय खऱ्या अर्थाने कळतो तो याच धावपळीत. यातील उणीव अशी की गटाच्या कामात एखादे मूल नुसते फलक रंगवून मोकळे होऊ शकते, आणि मोठ्या बक्षिसाची अपेक्षा येथे ठेवू नये.

वी द पीपल हाही त्याच संस्थेचा उपक्रम असून तो राज्यघटनेच्या द्विशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९८७ मध्ये सुरू झाला. येथे वर्गाचे गट पडतात, प्रत्येक गट राज्यघटनेच्या अभ्यासातील एक घटक घेतो आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीसमोर साक्ष द्यावी तसे आधी तयार केलेले निवेदन वाचून परीक्षकांच्या उलटसुलट प्रश्नांना तोंड देतो. वाद घालण्याची हौस असलेल्या आणि भरपूर वाचणाऱ्या मुलाला हे मानवते. अबोल मुलाला ते जड जाऊ शकते. या उपक्रमाची जी राष्ट्रीय अंतिम फेरी नावाजलेली आहे, ती हायस्कूलच्या वर्गांची असते, हेही ध्यानात ठेवावे.

न्यू जर्सीतील पालकांना एक अनुकूलता आहे. तेथे ७९ वर्षे मतदान केंद्रावर काम केलेल्या लॉरा वूटन यांच्या नावाने २०२१ मध्ये झालेल्या कायद्यानुसार २०२२-२३ पासून मिडल स्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवणे बंधनकारक आहे. त्यामुळे प्रोजेक्ट सिटिझनसाठी शिक्षकांना वेगळा तास शोधावा लागेलच असे नाही. फ्लोरिडात सातवीच्या मुलांना या विषयाची राज्यस्तरीय परीक्षा द्यावी लागते आणि तिचे गुण त्या विषयाच्या वार्षिक निकालात ३० टक्के धरले जातात. म्हणून तेथे सिव्हिक्स बीची तयारी शाळेच्या अभ्यासाशी बरीचशी जुळून येते.

वर्गाने उतरायच्या दोन स्पर्धांपैकी एखादी मनात असेल, तर शिक्षकांशी सप्टेंबरमध्येच बोलावे. सिव्हिक्स बीचा निबंध बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात द्यायचा असतो, त्यामुळे शाळेकडून नकार आला तरी तोवर मुलाला घराजवळचा एखादा प्रश्न निवडून नगरपरिषदेच्या एकदोन सभांना जाऊन येण्याइतका वेळ उरतो.