थेरपिस्ट व्हायचे आहे, पण समुपदेशक की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट?

‘थेरपिस्ट’ हा शब्द भारतात कायद्याने कोणा एका पदवीधारकासाठी राखून ठेवलेला नाही, त्यामुळे मानसशास्त्रात बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला खरी निवड करायची असते ती या शब्दाआड दडलेल्या दोन व्यवसायांमधून.

समुपदेशनाची वाट कागदावर सोपी दिसते. मानसशास्त्रात दोन वर्षांचे एम.ए. झाले की शाळा-महाविद्यालये, स्वयंसेवी संस्था, हेल्पलाइन किंवा कंपन्या येथे काम मिळू शकते. मात्र पदवीबरोबर पुरेसा सराव मिळेलच असे नाही. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली केसेस हाताळणे आणि एखादी उपचारपद्धती नीट शिकणे, याची जुळवाजुळव बहुधा स्वतःच, स्वखर्चाने करावी लागते. (मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली, अविवेकी विचार बदलण्यावर भर देणारी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथल्या अनेकांनी अशाच प्रशिक्षणांतून आत्मसात केली.) शिवाय २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केल्याने नोकरी सांभाळून एम.ए. करण्याचा सोयीचा मार्ग आता उरलेला नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे, म्हणजे मानसिक आजारांचे निदान आणि औषधांविना उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचे, तसे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये या व्यावसायिकाची व्याख्याच दिलेली आहे : या व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतील पात्रता, किंवा एम.ए.नंतर, परिषदेने मान्य केलेला आणि देखरेखीखालील रुग्णालयीन प्रशिक्षणासह पूर्ण केलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. बंगळूरची निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था किंवा रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था अशा ठिकाणी जागा मोजक्या आणि चुरस मोठी असते. त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीने एम.फिल. ही पदवीच रद्द झाली; या विषयापुरती ती चालू ठेवण्याची मुभा २०२५-२६ पर्यंत वाढवण्यात आली आणि दरम्यान परिषदेने स्वतःचे नवे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम आणले. येथे एक सापळा आहे. अनेक विद्यापीठे पूर्वीपासून ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ देतात, परंतु परिषदेची मान्यता नसेल तर त्या पदवीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी परिषदेच्या यादीत संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे नाव स्वतः तपासावे, माहितीपत्रकावर विसंबू नये.

औषधे लिहून देण्याचा अधिकार या दोघांनाही नाही. तो मानसोपचारतज्ज्ञाचा, म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांचे एम.डी. करणाऱ्या डॉक्टरचा, आणि ती वाट बारावीच्या ‘नीट’पासूनच वेगळी होते.

माझ्या मते वर्षांचा हिशेब दुय्यम आहे. स्किझोफ्रेनियासारखे तीव्र आजार, मानसशास्त्रीय चाचण्या आणि रुग्णालयातील वॉर्ड यांची ओढ असेल, तर क्लिनिकलची प्रवेशपरीक्षा दोन-तीनदा देण्याची तयारी ठेवावी. नातेसंबंध, अभ्यासाचा ताण, शोक अशा प्रश्नांत रस असेल, तर त्या नोंदणीसाठी अडून राहण्याचे कारण नाही; पण देखरेखीखालच्या सरावाचा खर्च शिक्षणाच्या खर्चातच धरावा, कारण समुपदेशकांची बहुतेक अंदाजपत्रके नेमकी तिथेच चुकतात.