रायटरमधलं ओमेगाचं बटण: आठ महिन्यांनंतर

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची स्मरणिका लिब्रेऑफिस रायटर या मोफत लेखन-सॉफ्टवेअरमध्ये लावायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. पहिल्याच प्रुफात 'सह्याद्रीच्या दर्याखोर्‍यांत' असं निघालं. पेरूगेटाजवळ चहा पिताना ग्रुपमधल्या एका निवृत्त मास्तरांनी शांतपणे विचारलं, "सह्याद्रीत समुद्र कधी शिरला हो?"

मला हव्या होत्या 'दऱ्या'. तो ऱ शोधताना टूलबारवरच्या ओमेगाच्या (Ω) बटणाशी, म्हणजे 'स्पेशल कॅरेक्टर'शी, माझी गाठ पडली. खिडकी उघडते, फॉन्टमधली सगळी अक्षरं मांडलेली दिसतात, हवं ते निवडायचं. शोधायची सोयही आहे, पण युनिकोडमधल्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड आणि नाव देणाऱ्या पद्धतीतल्या, इंग्रजी नावानेच. 'डिग्री' टाकलं की ° येतं. अवग्रह (ऽ) बिचारा आपल्याच नावाने सापडतो, फक्त रोमन लिपीत लिहायचा. ऱ मात्र 'आरआरए' या नावाखाली लपलेला. तो शोधताना माझी एक संध्याकाळ गेली.

आणि ती वाया गेली, कारण ऱ साठी ही खिडकी लागतच नाही. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे, मग डी ने पाय मोडायचा, पुढे य. झाला 'ऱ्य'. हाच आकार र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालूनही काढता येतो. कागदावर फरक कळत नाही, आतली अक्षरं मात्र वेगळी. माझ्या फाइलमध्ये चार जणांचे लेख होते आणि दोन्ही पद्धतींची खिचडी. अशा वेळी एक रूप शोधून बदललं म्हणजे दुसरंही बदललं, असं धरून चालू नका. संशय आला तर अक्षर संपतं तिथे लगेच कर्सर ठेवून आल्ट-एक्स दाबा, आतला कोड समोर येतो.

आल्ट-एक्स उलटही चालतं: कोड लिहा, दाबा, चिन्ह हजर. कोडमधले आकडे इंग्रजी हवेत. सिंहगडाचे अक्षांश-रेखांश (१८° २१′ उत्तर, ७३° ४५′ पूर्व) टाकताना मी आधी इंग्रजी आकड्यांत 18 लिहून त्याला चिकटून कोड लिहिला आणि आधीचे आकडेही त्यात ओढले गेले. कोडाआधी 'यू' आणि अधिकचं चिन्ह लिहिलं की ही भानगड मिटते. मिनिटांसाठी अवतरणचिन्ह ठोकून देणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

पत्रिकेसारखी ॥ श्री ॥ ची पानं बरीच होती. त्यासाठी ऑटोकरेक्टमध्ये 'दंदं' लिहिलं की ॥ यावं अशी नोंद केली. आधी ती चालेचना. ही यादी भाषेप्रमाणे वेगळी असते आणि मी नोंद इंग्रजीखाली केली होती. सर्व भाषांच्या यादीत घातल्यावर सुरळीत.

खरी फजिती छपाईच्या वेळी. नारायण पेठेतल्या छापखान्यात जुना, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा फॉन्ट. त्यात रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे माझ्या ° च्या जागी कुठली तरी मात्रा उगवली. ₹ ची जागा रिकामीच. ते चिन्ह २०१० साली ठरलं, फॉन्ट त्याआधीचा. शेवटी फॉन्ट आत बसवून पीडीएफ दिली.

आता त्या खिडकीतल्या आवडत्या चिन्हांत °, ′, ″, ½, ₹ आणि ऽ एवढीच ठेवली आहेत. ऱ तिथे नाही, तो बोटांना पाठ झालाय. मास्तरांनी अंतिम प्रूफ दोनदा वाचलं आणि तिसऱ्या पानावरचा विसर्ग म्हणजे कोलन आहे हे दाखवून दिलं.